जॉइंट न खोलता ओढलेली गाडी

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या ट्रकचा तिसरा गिअर उतारावर आपोआप सुटू लागला, तेव्हा मी पहिला राग ड्रायव्हरवर काढला. दोंडाईच्याहून हंगामात मिरची आणि एरवी धान्य भरून इंदूरला जायचे आणि येताना सोयाबीनची पेंड घेऊन धुळ्यात उतरवायची, हा आमच्या गाडीचा ठरलेला फेरा आहे. शिरपूरच्या पुढे पळासनेर ओलांडले की बिजासनचा घाट जाताना चढावा लागतो आणि येताना उतरावा लागतो. उतारावर डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडून देण्याची खोड या मार्गावरच्या पुष्कळ ड्रायव्हरांना आहे आणि आमच्याकडचा ड्रायव्हरही तिला अपवाद नसणार, असे मी मनाशी धरून बसलो होतो. त्यामुळे गिअर सुटल्याची तक्रार त्याने सांगितली त्याच महिन्यात मी त्याच्या पगारातून ५,००० रुपये कापून घेतले. तो काही बोलला नाही. त्याचे न बोलणे मी कबुलीच समजलो.

गिअर सुटतो म्हणजे नेमके काय होते, हे ज्याने ट्रक चालवलेला नाही त्याला सांगायला हवे. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी उतरत असताना अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिन गाडीला मागे धरून ठेवते आणि त्या क्षणी गिअरच्या दातांवरचा दाब उलट दिशेला फिरतो. दात, गिअर शाफ्टला बांधणारी स्लीव्ह, तिला सरकवणारा शिफ्टर फोर्क किंवा गिअर ज्यावर बसलेला असतो ते बेअरिंग यांपैकी काही झिजलेले असेल, तर नेमक्या या उलटापालटीत लिव्हर खटकन मध्ये येतो आणि पंचवीस टनांची गाडी इंजिनाच्या पकडीतून सुटते. मग जे काही आवरायचे ते ब्रेकने, आणि घाटात सलग ब्रेकवर उतरणे म्हणजे ड्रम तापवून घेणे. आमचा ड्रायव्हर दोन फेऱ्या डाव्या हाताने लिव्हर दाबून धरूनच उतरला होता, हे मला नंतर क्लीनरकडून कळले.

गिअर सुटण्याच्या जोडीला आवाजही होता. तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये बारीक शीळ घातल्यासारखा तो सुरू होई आणि भार पडला की घरघरीत उतरे, पण पाचव्या गिअरमध्ये जवळजवळ नाहीसा होई. गाडी उभी करून इंजिन चालू ठेवले आणि न्यूट्रलमध्ये क्लच सोडला, तर हलकी घरघर ऐकू येई. क्लच दाबला की तीही थांबे. ही शेवटची खूण महत्त्वाची आहे. क्लच दाबल्यावर आवाज सुरू झाला असता, तर दोष क्लचच्या रिलीज बेअरिंगचा असता. क्लच दाबल्यावर आवाज बंद होतो याचा अर्थ गिअरबॉक्समध्ये जाणारा इनपुट शाफ्ट थांबल्यामुळे तो बंद होतो, म्हणजे दुखणे गिअरबॉक्सच्या आत आहे. ड्रायव्हरने हे सगळे स्वतः करून पाहिले होते आणि फोनवर एवढेच सांगितले होते, “भाऊ, आवाज वाढी ऱ्हायना.” अहिराणीत याचा अर्थ, आवाज वाढत चालला आहे.

धुळे हे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन महामार्गांच्या फाट्यावरचे शहर असल्यामुळे तिथे ट्रकच्या प्रत्येक अवयवाचा वेगळा मिस्त्री मिळतो. पाट्यांवाला, रेडिएटरवाला, हौजिंगवाला (हौजिंग म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलवरचा गिअरांचा डबा), स्टार्टर-डायनामोवाला, आणि तसाच केवळ गिअरबॉक्स करणाराही. आम्ही ज्यांच्याकडे गेलो त्यांना सगळा महामार्ग चाचा म्हणतो. सत्तरीच्या आसपासचे, चष्म्याच्या एका काडीला दोरा बांधलेले हे गृहस्थ आधी गाडीला हात लावत नाहीत; ड्रायव्हरला गाडी चालवायला लावून शेजारी बसतात. त्यांनी आम्हाला लळिंगच्या दिशेने पंधरा किलोमीटर नेऊन आणले. त्यात दोन गोष्टी साधल्या. आवाज ऐकून झाला आणि गिअरबॉक्समधले ऑइल तापून पातळ झाले. ऑइल काढायचे ते तापलेले असतानाच काढावे, कारण थंड ऑइल सावकाश गळते आणि त्यातला चुरा तळाशीच बसून राहतो.

परत आल्यावर चाचांचा अंदाज असा होता की खालच्या शाफ्टची, म्हणजे काउंटर शाफ्टची, बेअरिंगे गेली असावीत. त्यामागचा विचार त्यांनी मला समजावून सांगितला. आमच्या सहा गिअरच्या गाडीत पाचवा गिअर सरळ आहे. त्या गिअरमध्ये इनपुट शाफ्ट आणि मेन शाफ्ट एकमेकांत अडकून एकच शाफ्ट असल्यासारखे फिरतात आणि जोर खालच्या शाफ्टमधून जातच नाही. बाकी प्रत्येक गिअरमध्ये जोर आधी खाली उतरतो आणि मग वर येतो. म्हणून जो आवाज सगळ्या गिअरमध्ये आहे आणि सरळ गिअरमध्ये दबतो, तो बहुधा खालच्या शाफ्टचा असतो. हा ठोकताळा चांगला आहे आणि दहापैकी आठ वेळा तो बरोबर ठरत असेल. आमच्या बाबतीत मात्र तो फसला.

गाडी सपाट जागेवर उभी करून चाकांना लाकडी ठोकळे लावले. चाचांनी पोराला पहिल्यांदा बाजूचा लेव्हल प्लग, ज्यातून ऑइल भरतात तो, उघडायला सांगितला, तळाचा ड्रेन प्लग नव्हे. तळाचा प्लग आधी उघडून ऑइल वाहून गेले आणि मग भरायचाच प्लग गंजून अडकलेला निघाला, तर गाडी जागची हलवता येत नाही. असे त्यांच्या दारात कितीदा घडले आहे. लेव्हल प्लग निघाला, पण त्यातून थेंबही आला नाही. भोकात करंगळी घालून खाली वाकवली तरी ती कोरडी आली. नियमाप्रमाणे ऑइल भोकाच्या खालच्या कडेला लागलेले असायला हवे. तळाचा प्लग काढून मोजले तेव्हा ९ लिटरच्या जागी जेमतेम साडेसहा लिटर निघाले.

ड्रेन प्लगच्या टोकाला चुंबक असतो. त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप असणे स्वाभाविक आहे, कारण दात एकमेकांवर घासताना एवढी झीज होणारच. आमच्या चुंबकावर त्या लेपात लोखंडाची केसासारखी कुसळे उभी होती आणि त्यांच्यामध्ये एक तुकडा होता. गोधडी शिवायच्या दाभणाचे टोक मोडावे तसा, गोल, गुळगुळीत आणि एका बाजूने तुटलेला. चाचांनी तो तळहातावर घेऊन उन्हात धरला आणि सुईचा आहे एवढेच म्हणाले. म्हणजे सुईसारखे बारीक रोलर असलेल्या नीडल बेअरिंगचा. ट्रेमधल्या ऑइलवर ऊन पडले होते आणि ते ढवळल्यावर त्यात पिवळी चमक दिसत होती. ती सिंक्रो रिंगांच्या, म्हणजे गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या रिंगांच्या, पितळेची. ऑइल काळे पडले होते आणि त्याला करपल्याचा वास होता. पाणी शिरले असते तर ते ताकासारखे दिसले असते, तसे ते नव्हते.

ऑइल कमी का झाले याचा उलगडा वरच लागला. गिअरबॉक्सच्या झाकणावर बोटाएवढा ब्रीदर असतो. आत ऑइल तापते, हवा फुगते आणि ती या वाटेने बाहेर पडते. आमचा ब्रीदर धूळ आणि ग्रीस यांनी लिंपून बंद झाला होता. हवेला वाट मिळेना, तेव्हा तिने मागच्या ऑइल सीलमधून वाट काढली आणि तिच्याबरोबर ऑइलही जात राहिले. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जातो आणि रस्त्यावरची बारीक माती गाडीच्या प्रत्येक सांध्यात जाऊन बसते, त्यामुळे दर महिन्याला हा ब्रीदर पुसणे, हवा मारणे हे दोन मिनिटांचे काम आहे. ते क्लीनरने करायचे की ड्रायव्हरने, हे आमच्याकडे कधी ठरलेलेच नव्हते. ठरवायचे काम माझे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिअरबॉक्स उतरवला. बॅटरीची तार सोडली आणि हौजिंगकडे जाणारा जॉइंट, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट, खोलण्याआधी दोन्ही फ्लँजवर छिन्नीने एकेक खूण केली, कारण शाफ्ट जसा होता तसाच परत बसला नाही तर वेगात थरथर सुरू होते. लिव्हरचे जोड, क्लच बूस्टर आणि स्पीडोमीटरची तार सोडून झाल्यावर दीडशे किलोहून जड असलेला तो डबा जॅकवर घेऊन मागे सरकवत आणला. या कामात घाई करणारे मिस्त्री शेवटचे बोल्ट काढताना डबा क्षणभर इनपुट शाफ्टवर लोंबकळू देतात आणि त्या वजनाने क्लच प्लेटचा मधला हब वाकतो. मग गिअरबॉक्स दुरुस्त होऊन येतो आणि क्लच धरायचा थांबतो. चाचांचा मुलगा जॅकचा दांडा एकेक सूत वर-खाली करत होता आणि चाचा खाली उकिडवे बसून फक्त शाफ्टच्या रेषेकडे पाहत होते.

डबा बाकावर चढला. बाहेरून डिझेलने धुऊन, पुसून, कोरडा करूनच तो उघडला, कारण बाहेरची माती आत गेली तर नव्या बेअरिंगांचे आयुष्य पहिल्याच दिवशी कमी होते. पुढचे कव्हर, मागचे कव्हर, वरचे झाकण, मग शिफ्टर फोर्क आणि शेवटी दोन्ही शाफ्ट. कव्हरांखालून निघालेल्या पातळ पत्र्या, ज्यांना शिम म्हणतात, त्या चाचांनी तारेत ओवून कव्हरालाच बांधून ठेवल्या. त्या पत्र्यांवर शाफ्टची मागे-पुढे हालचाल अवलंबून असते आणि तिचा हिशेब मिलिमीटरच्या शतांशात चालतो. एखादी हरवली आणि तिच्या जागी कोणी लिक्विड गॅस्केट थापले, तर बेअरिंग एक तर आवळले जाते किंवा सैल राहते.

खालचा शाफ्ट आधी बाहेर आला. चाचांनी दोन्ही टोकांची बेअरिंगे धुतली, हवेने वाळवली आणि हाताने सावकाश फिरवून कानाशी धरली. त्यांच्याकडच्या एका नव्या पोराने गंमत म्हणून कॉम्प्रेसरची हवा मारून एक बेअरिंग भिरभिर फिरवले, तेव्हा त्याला जे ऐकावे लागले ते इथे लिहिता येणार नाही. कोरडे बेअरिंग हवेने फिरवणे म्हणजे ते आपल्या हाताने मारणे आहे. बेअरिंगे मात्र चांगली निघाली. त्यांच्या रोलरवर ना डाग, ना खड्डा. चाचांनी ती बाजूला ठेवली आणि काही न बोलता मेन शाफ्ट ओढून घेतला.

मेन शाफ्टवरचे गिअर शाफ्टला पक्के जखडलेले नसतात. ते नीडल बेअरिंगांवर मोकळे बसलेले असतात आणि खालच्या शाफ्टवरच्या आपापल्या जोडीदाराशी त्यांचे दात कायमचे गुंतलेले असतात. ड्रायव्हर गिअर टाकतो तेव्हा सिंक्रो रिंग आधी दोघांचा वेग जुळवते आणि मग स्लीव्ह पुढे सरकून तेवढा एक गिअर शाफ्टला बांधते. बाकीचे मोकळेच फिरत राहतात. चाचांनी तिसरा गिअर शाफ्टवरून उतरवला, तेव्हा त्याच्या पोटातून बेअरिंगचा पिंजरा दोन तुकड्यांत बाहेर आला. शाफ्टच्या ज्या भागावर ते बेअरिंग फिरते तो भाग निळा पडला होता. कढईचे बूड फार तापल्यावर त्यावर जशी निळी-जांभळी झाक येते, अगदी तशी. त्यावर नखाला लागतील अशा चरा होत्या. चौथ्याचे तसेच. दुसऱ्याचे थोडे कमी. इनपुट शाफ्टच्या खोबणीत मेन शाफ्टचे नाक जिथे शिरते तिथले छोटे बेअरिंग तर जवळजवळ वितळून चिकटले होते.

मी म्हणालो, “चाचा, हे न्यूट्रल मारल्याचेच ना?”

चाचांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. चांगली निघालेली खालची बेअरिंगे त्यांनी निळ्या शाफ्टच्या शेजारी आणून ठेवली आणि मला विचारले, “भाऊ, ही गाडी कधी टोचन झाली होती का?”

टोचन म्हणजे बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीने ओढून नेणे. मी नाही म्हणणार होतो, तेवढ्यात मला मार्च महिना आठवला. इंदूरहून परत येताना घाट उतरून पळासनेरजवळ पोचल्यावर वॉटर पंपाचे बेअरिंग तुटले होते आणि पंख्याने रेडिएटर फाडला होता. पाणी सगळे वाहून गेले, इंजिन चालू करणे शक्य नव्हते. ओळखीच्या एका ट्रकवाल्याने रॉड लावला, त्याच्या टाकीतून हवेचा पाइप आमच्या गाडीला जोडला, म्हणजे ब्रेक सुटले, आणि भरलेली गाडी शिरपूरवरून, सावळद्याचा तापीवरचा पूल ओलांडून धुळ्यापर्यंत ओढत आणली. इथे रेडिएटर आणि पंप बदलले आणि तिसऱ्या दिवशी गाडी पुन्हा लाइनवर लागली. गिअरबॉक्सचा त्या बिघाडाशी काही संबंध होता, असे कोणाच्या डोक्यातही आले नाही.

चाचांनी मग हातातल्या पान्यानेच बाकावर रेघा ओढून मला सांगितले. गिअरबॉक्समध्ये ऑइल तळाशी असते. खालचा शाफ्ट त्यात निम्मा बुडालेला असतो आणि तो फिरतो तेव्हा त्याचे दात ऑइल उडवून वरच्या शाफ्टला न्हाऊ घालतात. आमच्या गिअरबॉक्सला वेगळा ऑइल पंप नाही. सगळी भिस्त या उडण्यावर. खालच्या शाफ्टला इंजिन फिरवते. ड्रायव्हर न्यूट्रल मारतो तेव्हा इंजिन चालू असते, खालचा शाफ्ट सावकाश का होईना फिरत असतो आणि थोडेफार ऑइल वर जातच राहते. ती खोड वाईटच आहे, पण तिने शाफ्ट असा निळा पडत नाही, आणि तिचे पाप ब्रेकच्या ड्रमवर दिसते. इंजिन बंद असताना गाडी ओढली की मागची चाके हौजिंगला फिरवतात, हौजिंग जॉइंटला फिरवते, जॉइंट मेन शाफ्टला फिरवतो. आणि खालचा शाफ्ट जागचा हलत नाही. वरचा शाफ्ट फिरतो, त्यावरचे गिअर खालच्या थांबलेल्या गिअरांत गुंतून थांबलेले असतात आणि मधली नीडल बेअरिंगे कोरडी घासत राहतात. म्हणून वरचा शाफ्ट जळाला आणि खालच्याला काही झाले नाही. ऑइल पुरते भरलेले असते तरी फरक पडला नसता, कारण ते उडवणारेच कोणी नव्हते.

इंजिन बंद ठेवून गाडी लांब ओढायची असेल तर हौजिंगकडचे बोल्ट खोलून जॉइंट मोकळा करायचा आणि चॅसिसला बांधून ठेवायचा, किंवा मागचे अ‍ॅक्सल शाफ्ट बाहेर काढायचे, ही जुन्या ड्रायव्हरांना माहीत असलेली गोष्ट आहे. गाडीच्या पुस्तिकेतही ती छापलेली आहे. मी घरी जाऊन पाहिले.

आमच्या ड्रायव्हरलाही ती माहीत होती. पळासनेरहून त्याने मला जो फोन केला होता, त्यातले वाक्य मला चाचांच्या बाकासमोर उभे असताना शब्दशः आठवले. “भाऊ, जॉइंट खोली लेऊ का?” असे त्याने विचारले होते. ओढणारी गाडी रिकामी थांबली होती, पेंड संध्याकाळच्या आत उतरवायची होती आणि बोल्ट गंजलेले असल्यामुळे अर्धा-पाऊण तास जाईल असे तो म्हणत होता. मी त्याला सांगितले होते की अर्धा तास वाया घालवू नकोस, न्यूट्रलमध्ये ठेव आणि निघ.

त्या रात्री मी फेऱ्यांच्या वहीत मागच्या पानावर हिशेब मांडला. पळासनेर ते धुळे हे अंतर ८० किलोमीटरच्या आसपास आहे. आमच्या टायरचा घेर साधारण ३.२ मीटर, म्हणजे चाकाचे सुमारे २५,००० फेरे. हौजिंगचे गुणोत्तर सहाला एक धरले तर मेन शाफ्टचे दीड लाख फेरे, आणि तेही तेलाच्या थेंबाशिवाय. ताशी ३० किलोमीटरच्या वेगाने मिनिटाला नऊशेहून अधिक. बेअरिंगे त्याच दिवशी जाम झाली नाहीत आणि त्यानंतर दोन महिने चालली, हेच आश्चर्य आहे.

सुटे भाग गोळा करण्यात तीन दिवस गेले. खालची बेअरिंगे चांगली असली तरी चाचांनी ती बदलायला लावली, कारण वरून झडलेला चुरा दोन महिने त्यांच्यातूनच फिरत होता. एवढा डबा उघडल्यावर दोन बेअरिंगांसाठी कंजुषी करण्यात अर्थ नव्हता, हे मलाही पटले. शाफ्टबद्दल मात्र माझा मोह सुटत नव्हता. झिजलेल्या जागी वेल्डिंग भरून खरादावर घासून देतो, असे सांगणारे एक जण भेटले होते आणि त्यात निम्मे पैसे वाचत होते. चाचांनी निळा भाग कानशीने घासून दाखवला. एरवी कडक शाफ्टवर कानस नुसती घसरते. इथे ती चावली. तापल्यामुळे पोलादाचा कडकपणा गेला होता, आणि वेल्डिंगने तो परत येणार नव्हता. नवा मेन शाफ्ट नाशिकहून ट्रॅव्हल्सच्या गाडीने मागवला. तिसऱ्याचा गिअर, तिसऱ्या-चौथ्याच्या सिंक्रो रिंगा, त्यांचा स्लीव्ह, सगळी नीडल बेअरिंगे, पुढचे-मागचे ऑइल सील आणि मजुरी मिळून ५२,००० रुपये झाले.

सिंक्रो रिंग बाद झाली की नाही हे कसे ओळखतात, ते पाहण्यासारखे होते. रिंग गिअरच्या कोनावर हाताने दाबून बसवायची आणि दोघांमधल्या फटीत फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीची पाती, घालायचा. नव्या रिंगेत आमच्या गिअरबॉक्समध्ये मिलिमीटरहून थोडी जास्त फट राहते. आमच्या तिसऱ्याच्या रिंगेत अर्ध्या मिलिमीटरची पातीही शिरेना. रिंगेच्या आतल्या बारीक आट्या, ज्या ऑइलचा थर कापून कोनाला पकडतात, त्या झिजून आरशासारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. दुसऱ्याची रिंग मात्र ठीक होती, म्हणून तीच परत बसवली.

जोडणी दीड दिवस चालली आणि त्यातला मोठा वेळ मोजण्यात आणि पुसण्यात गेला. बेअरिंगे शाफ्टवर हातोड्याने ठोकून बसवली नाहीत. एका पातेल्यात ऑइल तापवून त्यात तारेवर लोंबकळत ठेवली आणि अधूनमधून एखादे वर काढून त्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहिला. थेंब चरचरायच्या बेताला आला की बेअरिंग पुरेसे फुगलेले असते आणि हातमोज्याने उचलून सरकवले की शाफ्टवर आपल्या जागी जाऊन बसते. प्रत्येक भाग बसवण्याआधी त्यावर बोटाने ऑइल चोळले होते, कारण इंजिन सुरू झाल्यावर पहिले ऑइल उडेपर्यंतचे काही क्षणही कोरडे जाऊ द्यायचे नाहीत, असा चाचांचा दंडक आहे. ब्रीदर नवा लावला. क्लच प्लेट मध्यावर बसवण्यासाठी एक जुना इनपुट शाफ्ट कामी आला.

ऑइलच्या बाबतीत मी दुकानात थोडा वाद घातला. आमच्याकडे बऱ्याच ठिकाणी गिअरबॉक्स आणि हौजिंग या दोन्हींमध्ये एकाच डब्यातले जाड ऑइल ओततात. जाड म्हणजे चांगले, ही समजूत आहे. हौजिंगमधले क्राउन-पिनियन हे दोन गिअर एकमेकांवर घसरत, दाबत फिरतात, म्हणून त्याला जीएल-५ प्रतीचे ऑइल लागते. त्यात गंधक आणि फॉस्फरस यांची जी द्रव्ये असतात ती पोलादी दातांना वाचवतात, पण तापल्यावर पितळेला खातात. सिंक्रो रिंगा पितळी असलेल्या आमच्या गिअरबॉक्ससाठी पुस्तिकेत जीएल-४ प्रतीचे, ८०डब्ल्यू-९० जाडीचे ऑइल सांगितले आहे आणि दर ४०,००० किलोमीटरला ते बदलायला सांगितले आहे. दुकानदार म्हणाला, सगळे हेच नेतात. मी डबा फिरवून मागची बारीक अक्षरे वाचली आणि दुसऱ्या दुकानात गेलो. मोजून ९ लिटर भरले. भोकातून बारीक धार येऊन थांबली तेव्हा प्लग आवळला. त्याहून जास्त भरले तर दात ते घुसळून फेस करतात आणि पुन्हा सीलवर ताण येतो.

चाचणीसाठी पुन्हा लळिंगची चढण निवडली. गाडीत मुद्दाम आदल्याच दिवशी भरलेला माल होता, कारण रिकाम्या गाडीत गिअरबॉक्स खोटे बोलतो. ड्रायव्हर गाडी चालवत होता, मध्ये चाचा, कडेला मी. किल्ल्याच्या पायथ्याशी चढावर त्याने तिसरा टाकला. पूर्वीची शीळ नव्हती. माथ्यावर वळून परत उतरताना त्याने तिसऱ्यातच अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडला आणि लिव्हरवरचा हात उचलून मांडीवर ठेवला. लिव्हर हलला नाही. त्याने पुन्हा दाबला, पुन्हा सोडला. असे चार वेळा. चाचा डोळे मिटून बसले होते. धुळ्यात शिरेपर्यंत कोणी काही बोलले नाही.

पगारातून कापलेले ५,००० रुपये मी त्याला त्याच संध्याकाळी दिले आणि मार्चच्या फोनची आठवणही माझ्या तोंडून निघाली. त्याने नोटा मोजल्या नाहीत. हौजिंगकडच्या जॉइंटचे सगळे बोल्ट नवे लावून घेतले आहेत आणि त्यांना ग्रीस लावले आहे, आता दहा मिनिटांत खोलतील, एवढे त्याने सांगितले.

नव्याने जोडलेल्या गिअरबॉक्सचे पहिले ऑइल लवकर काढायचे असते, कारण नवे दात बसताना निघालेला चुरा आणि जोडणीत राहिलेली घाण त्याच्याबरोबर बाहेर जाते. दोन-तीन फेऱ्या झाल्यावर, १,५०० किलोमीटरला आम्ही पुन्हा चाचांच्या दारात उभे राहिलो. लेव्हल प्लगमध्ये ऑइल काठोकाठ होते. तळाचा प्लग निघाला तेव्हा ड्रायव्हर माझ्याआधी खाली वाकला. चुंबकावरचा करडा लेप त्याने अंगठ्यावर घेतला, तर्जनीने चोळून पाहिला, बोटांना काही टोचते का याचा अंदाज घेतला आणि अंगठा माझ्यासमोर धरून म्हणाला, “हाई ते काजळ शे, भाऊ.”